खाडीच्या पाण्यातून इंधन निघेल का?

भाईंदर पूर्वेच्या दोस्तांनो, लोकल नायगावकडे निघाली की पुलाखाली काय दिसतं? वसईची खाडी! त्या पाण्यात एक जळणारा वायू दडलाय. त्याचं नाव हायड्रोजन. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. एरवी ते एकमेकांना सोडत नाहीत, पण पाण्यातून वीज जाऊ दिली की वेगळे होतात. निकोल्सन आणि कार्लाइल या दोन संशोधकांनी १८०० साली लंडनमध्ये हे करून पाहिलं होतं.

मग खाडीतच तारा सोडायच्या? छे! खाऱ्या पाण्यातून वीज गेली की मिठातला क्लोरीन मोकळा होतो, आणि तो विषारी वायू आहे. ज्या खारेपणावर भाईंदरची मिठागरं उभी राहिली, तोच इथे आडवा येतो! म्हणून पाणी आधी शुद्ध करावं लागतं. एक किलो हायड्रोजनसाठी असं पाणी लागतं साधारण ९ लिटर. आणि वीज? तब्बल ५० ते ५५ युनिट!

एवढी वीज आणायची कुठून? भर दुपारी सौर पॅनेल भरभरून वीज देतात. पण तारांमधली वीज त्याच क्षणी वापरावी लागते. मागणी नसेल, तर चांगल्या चालत्या पॅनेलची वीज सोडून द्यावी लागते. किती वाईट! त्याच विजेने पाणी फोडलं, तर हायड्रोजन टाकीत भरून ठेवता येतो. ना कोळसा, ना धूर. हाच हरित हायड्रोजन.

त्यावर रात्री घरातले पंखे चालवावेत का? मला नाही पटत. हायड्रोजनपासून पुन्हा वीज करेपर्यंत निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. खरी गरज आहे ती खतांना. खतासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. चेंबूर आणि अलिबागजवळच्या थळ इथल्या आरसीएफ या खत कंपनीच्या कारखान्यांत नैसर्गिक वायू वापरून हेच काम चालत आलंय. त्या रीतीने एक किलो हायड्रोजन बनवताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो! महाराष्ट्राने २०२३ साली हरित हायड्रोजनचं धोरण आणलं, ते अशा कारखान्यांपर्यंत लवकर पोचायला हवं.

तुम्हीही पाणी फोडून बघा, पण घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन आणि खिडकी उघडी ठेवून. ९ व्होल्टची बॅटरी, दोन तारा, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी एवढंच पुरे. पेन्सिलींची वरची टोकं तारांनी बॅटरीला जोडा आणि खालची पाण्यात बुडवा. मीठ अजिबात नको, आणि भिंतीतल्या प्लगला तर हातही लावायचा नाही. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीपाशी जास्त बुडबुडे दिसतील. तोच हायड्रोजन!