ग्वाल्हेरचा दुसरा राज्याश्रय

ग्वाल्हेर आणि राज्याश्रय हे दोन शब्द मराठी वाचकाच्या मनात एकत्र येतात ते ख्यालगायकीमुळे. हद्दूखाँ-हस्सूखाँ शिंदे दरबारी होते आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती विद्या महाराष्ट्रात आणली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच दरबाराने रेल्वे, कारखाने आणि प्रयोगशाळा यांनाही आश्रय दिला होता, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वास्तविक तंत्रज्ञानावर उभ्या राहणाऱ्या नवउद्योगांना, म्हणजे स्टार्टअपना, शासनाने नेमके काय द्यावे हे समजून घेण्यासाठी हा दुसरा राज्याश्रय अधिक बोलका आहे.

1886 ते 1925 या काळात गादीवर असलेल्या माधवराव शिंद्यांनी अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांची रेल्वे बांधली, जिचा ग्वाल्हेर-श्योपूर फाटा जवळजवळ 200 किलोमीटर लांब होता. 1905 साली त्यांनी व्यापारी मेळा सुरू केला, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 1921 साली, घनश्यामदास बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली. ‘ग्रासिम’ या बिर्ला कंपनीच्या नावातले पहिले अक्षरही ग्वाल्हेरचेच आहे. दळणवळण आणि बाजारपेठ हे या आश्रयाचे स्वरूप होते व त्या काळाला ते पुरेसे होते. परंतु यंत्रे बाहेरून येत, त्यांत सुधारणा करण्याची विद्या शहरात रुजली नाही, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा बिर्लानगर हे वस्तीचे नाव तेवढे उरले.

याच मालिकेतील एक संस्था मात्र टिकली, आणि ती का टिकली हे पाहण्यासारखे आहे. 1947 साली, संस्थान विलीन होण्याच्या उंबरठ्यावर, ग्वाल्हेरमध्ये जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे ती संरक्षण खात्याच्या संशोधनाकडे गेली आणि 1973 पासून ‘संरक्षण संशोधन व विकास आस्थापना’ या नावाने स्वतंत्रपणे काम करू लागली. विषारी रसायने व रोगजंतू यांपासून सैनिकांचे रक्षण हा तिचा मुख्य विषय. त्यातूनच डास पळवणारे ‘डेपा’ हे रसायन तयार झाले व त्याचे तंत्र खासगी उत्पादकांना देण्यात आले. सरकारी प्रयोगशाळेने सिद्ध केलेली कृती ठरावीक शुल्क घेऊन कारखानदाराला वापरू देणे, यालाच तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात. या प्रयोगशाळेला इमारत आणि अनुदान तर होतेच, पण प्रश्न घेऊन येणारे आणि उत्तर विकत घेणारे कायमचे गिऱ्हाईकही होते, ते म्हणजे सैन्य. (शहर वाढत वाढत तिच्या कुंपणापर्यंत आले आणि आसपासच्या बांधकामांचा वाद न्यायालयात गेला, हीही त्या टिकण्याची किंमतच म्हणायची.)

आजच्या मदतीचा आराखडा याहून वेगळा आहे. 16 जानेवारी 2016 रोजी केंद्राने ‘स्टार्टअप इंडिया’ मोहीम जाहीर केली. 2021 साली 945 कोटी रुपयांची बीजभांडवल योजना आली, जिच्यात कल्पना प्रत्यक्षात चालते हे दाखवण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली. हा पैसा थेट नवउद्योजकाच्या हाती न पडता उबवण केंद्रांमार्फत, म्हणजे नव्या उद्योगाला जागा, सल्ला, सामायिक उपकरणे आणि ओळखीपाळखी पुरवणाऱ्या संस्थांमार्फत, पोहोचतो. ग्वाल्हेरमध्ये स्मार्ट सिटी योजनेतून ‘ड्रीम हॅचर’ हे असे केंद्र उभे राहिले. 1957 सालचे माधव तंत्रज्ञान व विज्ञान संस्थान आणि 1997 सालची अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था यांमुळे शहरात शिकलेल्या तरुणांचीही वाण नाही. मध्य प्रदेशाच्या मे 2022 मधील स्टार्टअप धोरणाने यात भाड्याचा काही भार उचलण्याची आणि पेटंटच्या खर्चासाठी 5 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली.

हे सारे स्वागतार्ह असले तरी त्याचा भर उद्योग सुरू करून देण्यावर आहे. माल घेणार कोण, हा प्रश्न कडेलाच राहतो. समजा, ग्वाल्हेरच्या एखाद्या तरुणीने पाणीपुरवठ्याच्या नळातली गळती शोधणारे उपकरण बनवले, तर त्याचे स्वाभाविक गिऱ्हाईक महानगरपालिकाच असणार. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांनी नवउद्योगांना निविदेतील अनामत रकमेतून सूट दिली आहे आणि पूर्वानुभव व उलाढाल यांच्या अटी शिथिल करण्याची मुभाही दिली आहे. पण मुभा आणि बंधन यांत अंतर असते, आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघेल या धास्तीने अधिकारी जुन्या, अनुभवी पुरवठादाराकडेच वळतो, यात त्याचा फारसा दोष नाही. नवी वस्तू फसली तर सही करणाऱ्याला संरक्षण कोणते, याचे उत्तर नियमातच असायला हवे. सरकारी मदतीने मागणी वाढते हे काही शासनाला ठाऊक नाही असे नव्हे: माधवरावांच्या त्याच मेळ्यात अलीकडे अनेक वर्षी मोटारींच्या रस्ताकरात निम्मी सूट जाहीर झाली आणि गाड्या घेण्यासाठी झुंबड उडाली, फरक एवढाच की त्या गाड्या ग्वाल्हेरमध्ये बनत नाहीत.

आता दूरसंचार साधनांच्या निर्मितीसाठी ग्वाल्हेरमध्ये विशेष क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव आहे. तिथे भूखंड आणि वीज यांच्या जोडीला उपकरणांची चाचणी करून प्रमाणपत्र देणारी, लहान उद्योगांना परवडेल अशा दरात खुली असणारी प्रयोगशाळा झाली, तर 1947 साली ज्या हेतूने या शहरात औद्योगिक प्रयोगशाळा बांधली गेली, त्या हेतूकडे ग्वाल्हेर परत येईल.