जुन्या लॅपटॉपला निळा पोर्ट

डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा संपते आणि फोटोवाल्यांचं खरं काम सुरू होतं. श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली ही यात्रा सुरू केली, तेव्हा रोल धुवायला टाकला की माणूस श्रीखंडपुरीला मोकळा व्हायचा. आता कॅमेऱ्यातून ६४ जीबीचं भरलेलं कार्ड बाहेर येतं, आणि ज्याचा लॅपटॉप २०१० सालचा आहे तो कॉपीची हिरवी पट्टी सरकताना बघत बसतो.

माझा थिंकपॅड टी४१० त्याच सालचा. कुठल्याशा कंपनीने मुदत संपल्यावर विकलेला, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. त्याच्या कीबोर्डची बोटांना इतकी सवय झालीये की नव्या लॅपटॉपवर टाइप करवत नाही. बॅटरी बदलली, आतली फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हा मशीन चांगलं तरतरीत झालं. अडलं होतं ते पोर्टांपाशी. सगळे यूएसबी २.०. ही नियमावली २००० सालची, कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. हातात पडतात तीस-पस्तीस. या हिशेबाने ६४ जीबीचं कार्ड रिकामं व्हायला अर्ध्या तासाच्या वर लागतो, आणि बाहेरच्या हार्डडिस्कवर ३०० जीबीचा बॅकअप घ्यायला पावणेतीन तास. तेवढ्यात डोंबिवलीहून फास्ट पकडून सीएसएमटीला जाऊन परत येता येतं, अर्थात गाड्या वेळेवर असतील तर.

मोबाइल दुरुस्त करणारे डोंबिवलीत कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. जुना लॅपटॉप खोलणारे कमी होत चाललेत. म्हणून ठाण्याला उतरलो. गोखले रोडच्या एका गल्लीतल्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने लगेच निळ्या पोर्टांचा हब पुढे केला. ‘काका, हा लावा, थ्री पॉइंट ओ आहे.’ मागे सोल्डरिंग करत बसलेले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, ‘अरे, जुन्या पोर्टात लावल्यावर तो थ्रीचा राहील का? दिसेल निळा, पळेल काळा.’

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. जुन्या यूएसबीत डेटाच्या येण्याजाण्यासाठी तारांची एकच जोडी असते; एका वेळी एकाच दिशेने वाहतूक. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ३.० ने त्या जोडीला हात लावला नाही. शेजारी दोन नव्या जोड्या टाकल्या, एक जायला आणि एक यायला. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हाही जुने चार रूळ कुणी उखडले नव्हते, तसंच हे. पण नवी मार्गिका पुढे कशाला जोडलेलीच नसेल, तर तिच्यावर गाडी घालून काय करणार? माझ्या लॅपटॉपच्या पोर्टात त्या नव्या तारांना टेकायला जागाच नव्हती.

भिंग घेऊन बघितलं की हे स्पष्ट दिसतं. यूएसबी ३.० च्या केबलची पिन उजेडात धरा: तोंडाशी चार रुंद पट्ट्या, त्या जुन्याच, आणि आत, थोड्या मागे, पाच बारीक. दोन जोड्यांच्या चार आणि एक अर्थची. याचा एक गमतीदार परिणाम होतो. पिन रेंगाळत, हळूहळू आत घातली, तर कधीकधी जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात, मशीन तिला २.० समजून बसतं आणि शेवटपर्यंत त्याच वेगाने चालवतं. काढून झटक्यात परत घातली की काम होतं. ही पिन उलटी बसत नाही म्हणून आपण सगळेच वैतागतो. यूएसबी घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे प्रमुख अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन केली असती तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

सोल्डरिंगवाल्या गृहस्थांनी लॅपटॉप फिरवला आणि बाजूच्या खाचेतला प्लॅस्टिकचा तुकडा नखाने दाबून बाहेर काढला. धूळ जाऊ नये म्हणून बसवलेला डमी. मागचा मालक आणि मी, दोघांनीही त्याला कधी हात लावला नसावा. ती खाच म्हणजे एक्सप्रेसकार्डचा स्लॉट. २००३ मध्ये आलेलं हे प्रमाण आता बाजारातून गेलंय. पण त्याची खुबी अशी की तो थेट मशीनच्या आतल्या पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गाला जोडलेला असतो. म्हणजे मदरबोर्डवरच्या जुन्या यूएसबीला बगल देऊन नवा कंट्रोलर बाहेरून बसवता येतो. ड्रॉवरमधून एक वापरलेलं कार्ड निघालं. ३४ मिलिमीटर रुंद, टोकाला दोन निळे पोर्ट, आत रिनेसासची चिप. यूएसबी ३.० चा पहिला कंट्रोलर २००९ मध्ये एनईसीने काढला आणि पुढच्याच वर्षी तो विभाग रिनेसासमध्ये विलीन झाला, त्या घराण्यातली. ‘हीच चिप बघून घ्यायची,’ गृहस्थ म्हणाले, ‘बिननावाची घेतली की माणूस परत माझ्याकडेच येतो.’

कार्ड आत सरकवलं, टक् आवाज आला, आणि विंडोज १० ने ड्रायव्हर न मागता ओळखलं. विंडोज ७ असतं तर ड्रायव्हर शोधावा लागला असता. लिनक्सवाल्यांना मात्र ही सोय सप्टेंबर २००९ पासून आहे. त्यांनी ती मायक्रोसॉफ्टच्या आधी केली.

खरी गंमत हार्डडिस्क जोडल्यावर कळली. दिवा लागला, तबकडी फिरायला लागल्यासारखी वाटली आणि मग आतून कट्... कट्... कट्. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याच्या पोटात गोळा येतो, कारण मरणारी डिस्क असाच आवाज करते. इथे मात्र ती उपाशी होती. यूएसबी ३.० च्या एका पोर्टाने ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, म्हणजे साडेचार वॅट. एक्सप्रेसकार्डच्या स्लॉटमधून मिळतात मुख्यतः ३.३ व्होल्ट, फार तर १.३ अँपिअर. गुणाकार केला तर सव्वाचार वॅटच्या आसपास, आणि त्यातच कार्डाला स्वतःचं पोट भरून, व्होल्टेज चढवून, दोन पोर्ट चालवायचे. पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर सहज चालतात. सुरुवातीला जोर मागणारी हार्डडिस्क अडते. म्हणून अशा कार्डांच्या कडेला बारीक गोल भोक असतं. बहुतेक जण ते हेडफोनचं समजतात. त्यात एक वायर लावायची, तिचं दुसरं टोक लॅपटॉपच्याच जुन्या यूएसबी पोर्टात. डेटासाठी निकामी ठरलेला पोर्ट विजेसाठी कामी येतो. वायर लावली, कटकट थांबली, डिस्क एकसुरात फिरू लागली.

आता वेगाबद्दल. खोक्यावर पाच गिगाबिट छापलेलं असतं. ते पोर्टापुरतं खरं आहे, पण पोर्टाच्या मागे स्लॉट आहे. टी४१० च्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीची एकच लेन मिळते: सेकंदाला २५० मेगाबाइट, आणि वरखर्च जाता दोनशेच्याही आत. बाहेरून महागडी एसएसडी जोडून पाचशेची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा ठरलेली. पण माझी बाहेरची डिस्क फिरती. तिचा स्वतःचाच दम शंभर-सव्वाशेचा. कॅमेऱ्याचं यूएचएस-वन कार्ड नियमानेच १०४ च्या पुढे जात नाही. म्हणजे स्लॉटची मर्यादा मला टोचतच नाही. पावणेतीन तासांचा बॅकअप पाऊण तासावर आला आणि शोभायात्रेचं कार्ड चहा होईपर्यंत रिकामं होऊ लागलं. मेलमधली हजारो बारीकसारीक कागदपत्रं मात्र अजून रखडतच जातात. तिथे वेळ जातो तो एकेका फाइलची नोंद करण्यात, आणि त्याला पोर्ट काही करू शकत नाही. आत अजून जुनी हार्डडिस्क असेल तर पैसे आधी एसएसडीत घालावेत, कार्डाचा विचार नंतर. याउलट सांगणारा दुकानदार कार्ड खपवतोय असं खुशाल समजावं.

एक त्रास नवा सुरू झाला. डिस्क चालू असली की वायरलेस माउस अडखळायचा. यूएसबी ३.० च्या तारांमधून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो, आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर टिपणच काढलं होतं. माउसचा ठोकळा पलीकडच्या बाजूच्या पोर्टात लावला, भागलं. आणि डोंबिवलीच्या गर्दीत चढायचं असेल तर कार्ड आधी काढून खिशात ठेवायचं. बाहेर डोकावणारा तो बोटभर तुकडा दारातल्या एका धक्क्यात स्लॉटसकट मोडेल.

हे सगळं ऐकून कल्याणच्या मित्रालाही कार्ड हवं झालं. त्याच्या लॅपटॉपला बघितलं तर खाचच नाही. स्वस्तातल्या मॉडेलांना ती बहुधा नसायचीच. मागचं झाकण खोलून वाय-फायच्या जागी काही जुगाड करता येतो, पण त्यात वाय-फाय जातं आणि झाकणातून वायर लोंबते. त्याला हवं होतं एवढंच, की दहा-बारा वर्षांचे घरचे फोटो मुलीच्या नव्या लॅपटॉपवर जावेत. त्याच्या मशीनला गिगाबिट लॅन होता, आणि त्यातून सेकंदाला शंभर-एकशेदहा मेगाबाइट सहज जातात, जुन्या यूएसबीच्या तिप्पट. मुलीच्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नव्हतं. त्यासाठी एक छोटं अडॅप्टर आणलं, ते तिच्या निळ्या पोर्टात लावलं, दोन्ही मशीन एका वायरीने जोडली आणि फोल्डर शेअर केला. वहिनींचं जेवणाचं ताट मांडून होईस्तोवर २०१३ सालचे फोटो पलीकडे पोचले होते.