अचलपूरचा डास आफ्रिकेच्या शहरांत

इथिओपियाच्या पूर्व भागातील दिरे दावा या शहरात २०१९ साली वर्षभरात हिवतापाचे २०५ रुग्ण नोंदले गेले. २०२२ मध्ये जानेवारी ते मे या पाच महिन्यांतच हा आकडा २,४०० च्या पुढे गेला, आणि तोही कोरड्या हंगामात. आफ्रिकेतला हिवताप खेड्यांतला आणि पावसाळ्यातला, असेच डॉक्टर आणि संशोधक इतकी वर्षे धरून चालले होते. गॅम्बिये आणि फ्युनेस्टस हे तिथले जुने डास पावसाच्या डबक्यांत आणि पाणथळ जागी वाढतात. मग ऐन कोरड्या दिवसांत, भर शहरात ही साथ आली कुठून?

अदिस अबाबा येथील आर्माउअर हॅन्सन संशोधन संस्थेच्या फितसुम तादेसे यांच्या पथकाने याचा छडा लावला. पथकाने रुग्णांची घरे आणि विद्यापीठातील वसतिगृहांचा परिसर पिंजून काढला. ताप आलेल्यांबरोबर त्यांच्या आसपासच्या माणसांचीही रक्ततपासणी केली आणि डास व अळ्या गोळा केल्या. पाणी साठवण्याच्या भांड्यांत आणि टाक्यांत ॲनोफिलीस स्टीफेन्सी जातीचे डास सापडले. हे डास जिथे होते, त्या घरांच्या आसपास संसर्गही अधिक होता. काही डासांच्या शरीरात हिवतापाचे परजीवीही आढळले.

हा डास मूळचा आफ्रिकेचा नाही. विज्ञानाला त्याची पहिली ओळख झाली ती आपल्या अचलपुरात, म्हणजे तेव्हाच्या एलिचपुरात. तिथे नेमणुकीवर असलेल्या ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरने वर्षभर ॲनोफिलीस डासांच्या सवयींचा अभ्यास केला आणि १९०१ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ब्रिटिश हिवतापतज्ज्ञ स्टीफेन्स यांच्यावरून तिला नाव मिळाले. पुढे मुंबईत प्लेग आणि उंदरांवरच्या पिसवा यांचा संबंध दाखवून देण्यात याच लिस्टनचा मोठा वाटा होता.

दक्षिण आशिया आणि अरबस्तानापुरता असलेला हा डास आफ्रिकेच्या ईशान्य टोकावरच्या जिबूती या देशात २०१२ मध्ये आढळला. त्या वर्षी जिबूतीत हिवतापाचे जेमतेम २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ते ७३ हजारांवर गेले. त्यानंतर इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया आणि घाना असा त्याचा माग लागत गेला. तो असाच पसरत राहिला, तर आफ्रिकेतील १२ कोटी ६० लाख शहरवासीयांना धोका पोहोचू शकतो, असा अंदाज २०२० मधील एका अभ्यासाने मांडला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या डासाविरुद्ध स्वतंत्र मोहीम सुरू केली.

स्टीफेन्सीला आवरणे अवघड का जाते? त्याला स्वच्छ, साठवलेले पाणी लागते आणि ते शहरात बारा महिने मिळते. गच्चीवरची टाकी, बांधकामावरचा हौद, विहीर, प्लास्टिकचा ड्रम, काहीही त्याला चालते. तो घराबाहेरही चावतो, संध्याकाळी लोक झोपण्याआधीच चावू लागतो आणि जनावरांचे रक्तही पितो. आफ्रिकेने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या औषधभारित मच्छरदाण्यांच्या बळावर लाखो मुले वाचवली, त्या इथे तोकड्या पडतात. शिवाय अनेक कीटकनाशकांना तो आता दाद देत नाही.

म्हणून त्याला गाठायचे ते पाण्यातच, अळीच्या अवस्थेत. ही अळी ओळखणे सोपे आहे. टाकीचे झाकण काढून बॅटरीचा झोत पाण्यावर टाका. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीसची अळी शेपटाकडची श्वासनळी वर आणि डोके खाली अशी तिरपी लोंबकळते. ॲनोफिलीसच्या अळीला ती लांब नळी नसते, त्यामुळे ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. हात हलला, सावली पडली की झटक्यात खाली जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येते. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो याच हिशेबाने.

मुंबईने हा धडा फार पूर्वी गिरवला. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातील हिवतापाचे मूळ विहिरी आणि टाक्यांतल्या स्टीफेन्सीत असल्याचे दाखवले. विहिरी बंद करण्याला धार्मिक कारणांवरून विरोध झाला, वाद रंगले. पण टाकी डासप्रतिबंधक असलीच पाहिजे हा दंडक शहरात रुजला. अदिस अबाबा आणि घानातल्या अक्राच्या महापालिकांना आज नेमका हाच अनुभव हवा आहे.

भारत आणि आफ्रिका यांच्यातली ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर-२१ ही हिवतापाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. बुर्किना फासोतील नानोरो येथे हलिदू तिंतो यांच्या संशोधन केंद्राने ४५० बालकांवर तिची चाचणी घेतली. लसीतल्या सहायक घटकाची (ॲडजुव्हंट) मात्रा अधिक असलेल्या गटात तिची परिणामकारकता ७७ टक्के असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. मात्र ही लस फाल्सिपेरम या परजीवीसाठी आहे. भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या व्हायव्हॅक्सवर ती चालत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावाने यातून काय घ्यावे? आपल्या खेड्यांत हिवताप पसरवतो तो मुख्यतः क्युलिसिफेसीज डास. ओढे, कालवे, शेतातले साचलेले पाणी ही त्याची ठिकाणे. म्हणूनच जून हा हिवताप प्रतिरोध महिना आणि सगळा जोर पावसाळ्यावर. पण मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही. टँकर आला की ड्रम, रांजण, हौद भरून ठेवावेच लागतात. शहराकडून खेड्याकडे सिमेंटच्या आणि प्लास्टिकच्या टाक्या येत आहेत, तसा टाकीतला डासही येऊ शकतो. दिरे दावाने बजावले आहे ते हेच की कोरडा हंगाम म्हणजे सुरक्षित हंगाम नव्हे.

भारताला २०२७ पर्यंत देशांतर्गत हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणायचे आहेत आणि २०३० पर्यंत निर्मूलन साधायचे आहे. त्यासाठी मार्च-एप्रिलमध्येही टाक्या तपासाव्या लागतील, हौदात गप्पी मासे सोडावे लागतील आणि एप्रिलमधल्या तापाचाही रक्तनमुना घ्यावा लागेल. टाक्या पाहायला आलेल्या आशाताईला झाकण उघडून दाखवणे हे निर्मूलनाच्या कामात आपल्या वाट्याला आलेले काम आहे, आणि ते पावसाची वाट न पाहता करायला हवे.