फारकतीचा कागद आणि कोर्टाची नक्कल

रविवारची वंदना आटोपली, मंडळी चहा घेऊन पांगली, तरी गंगाखेडकडची एक बाई विहाराच्या पायरीवर बसूनच होती. वय चाळिशीच्या आसपास, दोन्ही पायांना उसाच्या पाचटाचे जुने ओरखडे. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि म्हणाली, "दादा, हा कागद चालतो का बघा जरा. अंगणवाडीच्या बाईनं वापस केला."

कागद २००९ सालचा, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर टाईप केलेला. आमचे पटत नाही, आम्ही राजीखुशीने विभक्त होत आहोत, यापुढे एकमेकांवर हक्क नाही, असा मजकूर. खाली नवऱ्याची सही, बाईचा अंगठा, चार पंच आणि नोटरीचा गोल लाल शिक्का. गावात याला फारकत म्हणतात. त्या शिक्क्याच्या भरवशावर नवऱ्याने दुसरे लग्न केले, त्याला दोन लेकरे झाली, आणि ही बाई सोळा वर्षे स्वतःला घटस्फोटित समजून भावाच्या घरी राहिली.

२०२५ साली लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत घटस्फोटित बहिणींकडे न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागितली गेली, तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. कुणाच्या पेटीतून कोर्टाची नक्कल निघाली, तर कुणाच्या पेटीतून असा नोटरीचा कागद. या दोन कागदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो आपल्या घराघरांत कळावा म्हणून हे लिहीत आहोत.

नोटरी लग्न मोडू शकत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सही केली. लग्न मोडण्याचा अधिकार न्यायालयाला. तिथून जो हुकूमनामा निघतो, तोच घटस्फोट. मुद्रांक शंभराचा जाऊन २०२४ साली पाचशेचा झाला, पण त्यामुळे कागदाची किंमत वाढली, वजन नाही.

इथे आपले बांधव एक प्रश्न हमखास विचारतात. कोर्टातल्या अर्जावर "हिंदू विवाह अर्ज" असे लिहिलेले असते. आम्ही बौद्ध, मग आमच्या कागदावर हा शब्द कशाला? प्रश्न रास्त आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच्या दुसऱ्या कलमाने बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू केलेला आहे, म्हणून आपली प्रकरणे त्याखाली चालतात. (ज्यांचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदले गेले, त्यांची त्या कायद्याखाली.) बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा ही मागणी जुनी आहे आणि ती केलीच पाहिजे. पण तो होईपर्यंत शब्द खटकतो म्हणून कुणी कोर्टाची पायरी टाळू नये. बाईला नवऱ्यापासून कायद्याने मोकळे होता यावे, ही तरतूद हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी घातली होती. ते बिल रखडवले गेले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हेही मोठे कारण होते. पुढे चार वर्षांनी कायदा आला त्यात घटस्फोटाचा हक्क आहे. हा हक्क आपल्या बायांना फुकटात मिळालेला नाही.

काही जुनी माणसे म्हणतात, पंचांपुढे काडी मोडली की झाले, चालत आलेली रीत आहे. कायद्याच्या २९व्या कलमात रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे हे खरे. मात्र ती रूढी जुनी आहे, अखंड चालत आलेली आहे, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण त्या रूढी नागपूरच्या मैदानावर सोडून आलो. आता नवऱ्याची सोय म्हणून जातपंचायतीची तेवढी एक रूढी परत उचलायची? आम्हाला तरी हे पटत नाही.

तेव्हा त्या बाईला आम्ही सांगितले ते कटू होते. ताई, तुमचा घटस्फोट झालेलाच नाही. कोर्टात नक्कल मागायला गेलात तरी मिळणार नाही, कारण तिथे तुमची फाईलच नाही. बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग मी अजून त्याची बायकोच हाय?" होय. कायद्याने बायकोच. नवऱ्याचे दुसरे लग्न कायद्यापुढे लग्नच नाही. तिकडच्या लेकरांचा मात्र काही दोष नाही, १६वे कलम त्यांना औरस मानते. पोटगी मागण्याचा हक्क हिचा शाबूत आहे. पूर्वी फौजदारी संहितेचे १२५ कलम म्हणत, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ कलम झाले. मोकळे व्हायचे तर त्यासाठी हिला आता स्वतः अर्ज करावा लागेल, आणि २००३ च्या दुरुस्तीमुळे बायकोला ती राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. नवऱ्याच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ पासून घटस्फोटाच्या प्रकरणात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, हेही पुष्कळ बायांना कुणी सांगितलेले नसते.

आता ज्यांचा घटस्फोट खरोखर कोर्टातून झालेला आहे, पण कागद हाताशी नाही, त्यांच्याकडे वळू. कागद वकिलाकडे राहिला, पुरात भिजला, भावाने कुठेतरी ठेवला आणि भाऊ गेला, अशा नाना गोष्टी असतात. कागद हरवला म्हणून घटस्फोट हरवत नाही. मूळ निकाल कोर्टाच्या दप्तरात असतो आणि त्याची प्रमाणित नक्कल पक्षकाराला केव्हाही मागता येते.

पहिला प्रश्न कोर्ट कोणते, हा. ऐकायला सोपा वाटतो, पण खरी अडचण इथेच होते. परभणीत आज कौटुंबिक न्यायालय आहे. ते येण्याआधी अशी प्रकरणे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालत, आणि कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीबाहेर आजही तिथेच चालतात. म्हणून १९९५ सालचा निकाल कौटुंबिक न्यायालयाच्या खिडकीवर शोधून सापडेलच असे नाही. शिवाय जिल्ह्याच्या हद्दी हलल्या. परतूर १९८१ साली जालन्यात गेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, म्हणून वसमत-कळमनुरीकडच्या जुन्या कागदांवर "जिल्हा परभणी" असे सापडेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपली माणसे पोटासाठी बाहेर. कुणी पुण्याला बांधकामावर, कुणी वाळूजच्या कंपनीत, कुणी कल्याण-उल्हासनगरला, कुणी सहा महिने उसाच्या फडावर. लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, किंवा सामनेवाला जिथे राहतो, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. तेव्हा लग्न पाथरीचे असले तरी फाईल पुण्यात असू शकते. आधी घरातल्या जाणत्या माणसांना विचारून हे ठरवावे.

दुसरा प्रश्न प्रकरणाच्या नंबराचा. जुने समन्स, वकिलाची पावती, तारखेची चिठ्ठी, काहीही सापडले तर त्यावर नंबर आणि साल असते. नसेल तर ज्या वकिलाने काम पाहिले त्याच्या कारकुनाला भेटावे. वकिलांच्या कारकुनांची स्मरणशक्ती आम्ही अनेकदा पाहिली आहे, ती दप्तरापेक्षा पक्की असते. अलीकडच्या प्रकरणांना सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, आणि ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर किंवा संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव आणि साल टाकून शोध घेता येतो. घरातली शिकलेली पोरगी दहा मिनिटांत हे करील. फक्त नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून बघावे, आणि बाईचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे टाकावी. तिथे नाही सापडले म्हणजे प्रकरण नाहीच असे समजू नये. जुन्या निकालांसाठी कोर्टातल्या नोंदवहीतच शोध घ्यायला लावावा लागतो, त्यासाठी निदान साल तरी अंदाजाने सांगता आले पाहिजे.

नंबर मिळाला की नक्कल विभागात अर्ज द्यायचा. अर्जात न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा नंबर, अर्जदार व गैरअर्जदार यांची नावे, निकालाची तारीख, आपण यातले कोण, आणि कोणकोणत्या कागदांची नक्कल हवी ते लिहायचे. त्यावर कोर्ट फीचे तिकीट आणि नकलेच्या खर्चाची रक्कम. ओळखीसाठी आधार कार्ड जवळ असावे. तातडीची नक्कल हवी असेल तर तसे लिहावे, तिला जादा आकार पडतो. पैसे भरले की पावती घ्यावी. बाहेर बसलेला कुणी "मी आणून देतो" म्हणाला तर त्याला हात जोडावे.

कागद मागताना निकालपत्र आणि हुकूमनामा असे दोन्ही मागावे. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारणे लिहिलेली असतात, ते वीस पानांचेही असू शकते. हुकूमनाम्यात लग्न अमुक तारखेपासून संपुष्टात आले, लेकरू कुणाकडे, पोटगी किती, एवढे थोडक्यात असते. कचेरीत बहुधा हुकूमनामाच लागतो, पण पोटगीची वसुली करायची तर दोन्ही जवळ असलेले बरे. कायद्याच्या २३व्या कलमात लिहिलेले आहे की घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या कोर्टाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यायची. निकाल लागला त्या वेळी ही प्रत मागून घेतली असती तर निम्म्या बायांना पुढचे खेटे पडले नसते. ज्यांची प्रकरणे आता चालू आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हातात आलेली नक्कल उलटून बघावी. कोर्टाचा शिक्का, "खरी नक्कल" अशी सही, आणि अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची व दिल्याची अशा तारखा. या तारखा उगाच नसतात. नक्कल तयार व्हायला जितके दिवस लागले तितके दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत. अपिलाची मुदत ९० दिवस, आणि ती उलटल्याशिवाय, किंवा अपील झाले असेल तर ते फेटाळले गेल्याशिवाय, दुसरे लग्न करता येत नाही. नक्कल मिळाली की दुसऱ्या रविवारी मंगल परिणय ठरवणाऱ्या घाईच्या घरांना हे मुद्दाम सांगतो.

एक प्रकार फार जीवघेणा आहे. बाईला माहीतच नसते आणि नवऱ्याने कुठल्याशा कोर्टातून एकतर्फी निकाल घेतलेला असतो. समन्स जुन्या पत्त्यावर जाते, "घेण्यास नकार" असा शेरा पडतो, किंवा तिने कधी न पाहिलेल्या वर्तमानपत्रात नोटीस छापून येते. जिंतूर तालुक्यातल्या एका उपासिकेला असा निकाल रेशन कार्डातून नाव कमी झाल्यावर कळला. अशा वेळी रडत बसण्यात एक दिवसही घालवू नये. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज निकालापासून, आणि समन्स रीतसर बजावलेच नसेल तर निकाल कळल्यापासून, ३० दिवसांत करायचा असतो. इथे नुसता हुकूमनामा पुरत नाही. समन्स बजावणीचा अहवाल, टपालाची पाकिटे, नोटिशीचे कात्रण, सगळ्यांच्या नकला मागाव्या. ती पाकिटेच बाईच्या बाजूने बोलतात. जुन्या फायलींतले बरेच कागद ठरावीक काळाने नष्ट करतात, म्हणूनही उशीर नको.

शेजाऱ्यापाजाऱ्याला मात्र या फायली चाळता येत नाहीत. २२व्या कलमाप्रमाणे अशी सुनावणी बंद खोलीत होते आणि प्रकरणाचा मजकूर छापायला बंदी आहे. तिऱ्हाइताला नक्कल हवी तर कारण दाखवून कोर्टाची परवानगी काढावी लागते. कोर्टात गेले की गावभर होईल, ही भीती अनेक बायांना आमच्यासमोर बोलून दाखवता आली नाही, पण ती असते. नोटरीच्या कागदावर चार पंचांच्या सह्या असतात, म्हणजे गावभर तिथेच झालेले असते.

खर्चाचे काय? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाने कोणत्याही स्त्रीला, आणि अनुसूचित जातीच्या स्त्री-पुरुषांना, मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला, म्हणून आपल्या पुरुषांनाही ही वाट खुली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयात असते, तालुक्याला समिती असते. नकला काढून देणे हेही त्यांच्या मदतीत बसते. फोन करायचा तर १५१००.

हा कागद कुठे लागतो म्हणाल, तर संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला, रेशन कार्ड वेगळे करायला, दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला. आणि नवरा नोकरीतला असेल तर तो गेल्यावर. पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावात कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी दोन बाया एकाच कचेरीच्या दारात उभ्या राहिल्या की साहेब दोघींना एकच विचारतो, कोर्टाचा कागद आहे का?

गंगाखेडच्या त्या ताईंना पुढच्या सोमवारी आम्ही विधी सेवेच्या कार्यालयात घेऊन गेलो. अर्जावर "वैवाहिक स्थिती" असा रकाना होता. लिहिणाऱ्या मुलीने पेन थांबवून विचारले, काय लिहू? ताई आमच्याकडे बघून म्हणाल्या, "विवाहित लिहा. सध्या."