समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांत समुद्राचे प्रदर्शन

नांदेड व लातूर हे जिल्हे समुद्रापासून पुष्कळ आत वसलेले आहेत. येथील अनेक शेतकऱ्यांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. अशा भागात समुद्राच्या संरक्षणाविषयी प्रदर्शन भरवून काय उपयोग, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. त्याचे उत्तर येथील शिवारातच आहे. शिवारात पडणारा पाऊस समुद्रावरून येतो आणि शिवारातून वाहून गेलेले पाणी अखेर समुद्राची वाट धरते. हे नाते प्रेक्षकाला डोळ्यांनी पाहता व हातांनी अजमावता यावे, अशी मांडणी करणे हेच या प्रदर्शनाचे खरे काम होय.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. २०१५ साली त्याचे नूतनीकरण झाले, तेव्हा तेथे १२ फूट लांबीचा पारदर्शक बोगदा बसविण्यात आला. त्यात शिरले की मासे डोक्यावरून पोहत जात व आपण पाण्याखाली उभे आहोत असा भास होई. एवढा खर्च यात्रेतील प्रदर्शनास परवडणारा नाही. परंतु त्यामागील तत्त्व घेण्यासारखे आहे. प्रेक्षकाने देखावा बाहेरून न पाहता त्याच्या आतून चालत जावे, हे ते तत्त्व होय. लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा किंवा लातूरची सिद्धेश्वर यात्रा येथे बांबू, ताडपत्री व बारदान वापरून अशी चार दालने उभारता येतील. एका वेळी वीस माणसे आत सोडावीत व प्रत्येक तुकडीबरोबर एक माहितगार कार्यकर्ता द्यावा.

पहिले दालन : शेत

येथे दोन उतरत्या पेट्यांत काळी माती भरावी. एका पेटीतील माती उघडी ठेवावी. दुसरीवर सोयाबीनचा भुसा पसरून उताराला आडव्या सऱ्या काढाव्यात. प्रेक्षकांपैकीच एकाने दोन्ही पेट्यांवर झारीने सारखे पाणी घालावे. खाली लावलेल्या बाटल्यांत एकीकडे गढूळ व दुसरीकडे बरेच निवळ पाणी उतरेल. मातीचा एक सेंटीमीटर थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, हे त्याच वेळी सांगावे. गढूळ पाण्याची बाटली त्याच प्रेक्षकाच्या हाती देऊन तुकडीने पुढे निघावे.

दुसरे दालन : नदी

ही एक अरुंद, वळणावळणाची वाट असावी. जमिनीवर निळ्या रंगाने दोन प्रवाह काढावेत. एक नांदेडहून येणारी गोदावरी आणि दुसरा लातूर जिल्ह्यातून जाणारी मांजरा. तेलंगणातील कंदकुर्ती येथे हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. तेथून पुढे पोचमपाडचे धरण, राजमहेंद्री, धवलेश्वरम आणि शेवटी बंगालचा उपसागर. त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत गोदावरीची लांबी सुमारे १,४६५ किलोमीटर भरते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी. शेतातून गेलेली सर्व माती समुद्राला मिळत नाही. तिच्यापैकी पुष्कळशी धरणांत अडते व त्यांची साठवण कमी करते. त्यामुळे नदीच्या मुखाकडील त्रिभुज प्रदेशाला पूर्वीइतका गाळ मिळत नाही व तेथील किनारा खचतो. म्हणजे एकाच मातीच्या धुपीने शेत आणि धरण या दोहोंचे नुकसान होते, आणि किनाऱ्याला तर ती माती लाभतही नाही. विरघळलेले नत्र मात्र धरणाच्या भिंतीने अडत नाही.

तिसरे दालन : समुद्र

हे दालन काळोखे ठेवावे. वर निळे कापड ताणून त्यामागे दिवे लावावेत व लाटांचा आवाज ऐकवावा. दहा लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ घालून ठेवल्यास समुद्राच्या पाण्याचा खारेपणा बोटाने चाखता येतो. शेजारी दोन काचेच्या बरण्या असाव्यात. दोहोंत नदीचेच पाणी. मात्र एकीत काही आठवडे आधी चिमूटभर युरिया व सुपर फॉस्फेट टाकून ती उन्हात ठेवलेली असावी. तिच्यातील हिरवे शेवाळ पाहून पुढची गोष्ट समजते. असे शेवाळ मरून कुजू लागले, की पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाशी दर उन्हाळ्यात हे घडते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणे जगात अशी ४०० हून अधिक ठिकाणे होती. शहरांचे सांडपाणीही याला कारण आहे. दोष एकट्या शेतकऱ्यावर लादू नये.

गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा येथे कांदळवनाचे अभयारण्य आहे व त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. त्यांची मोठी चित्रे येथे लावावीत. हातातील बाटली या चित्रांपुढे ठेवण्यास सांगावे.

चौथे दालन : पाऊस

पॅसिफिक महासागराचे पाणी तापून एल निनो प्रबळ झाला, त्या २०१५ साली देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ८६ टक्केच झाला. पुढील एप्रिलमध्ये, म्हणजे १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. या दालनात त्या गाडीचे चित्र लावून खाली हिशेब मांडावा : एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. म्हणून ५० मिलिमीटर पाऊस झाला, की एका हेक्टरवर त्या संपूर्ण गाडीइतके पाणी पडते. समुद्र ते आपणांस विनामूल्य पाठवितो. ते बांधाबाहेर जाऊ द्यावयाचे की जमिनीत मुरवावयाचे, हे आपल्या हाती आहे.

प्रदर्शनाचे फलित

बाहेर पडण्याच्या दारापाशी माती परीक्षणासाठी नमुने घेण्याची सोय असावी. रुंद वरंबा सरी पद्धत, उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती व सोयाबीनला रायझोबियमची बीजप्रक्रिया यांची माहिती तेथे मिळावी व इच्छुकांची गाववार नोंद करावी. प्रदर्शनात प्लॅस्टिकचे फलक लावू नयेत. कापडावर रंगविलेले फलक पुढील वर्षीही उपयोगी पडतात.

किती लोक आले यावरून प्रदर्शनाचे यश ठरवू नये. नोंद केलेल्यांपैकी किती शेतांत पुढील मृगापूर्वी बांध दुरुस्त झाले व किती शेतकऱ्यांनी परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे खताची मात्रा ठरविली, हे गावोगाव जाऊन पाहावे. तेवढे घडले, तर शेतकऱ्याची माती शेतात राहील, खताचा पैसा वाचेल आणि दूरच्या समुद्राचेही रक्षण होईल.