कुत्र्याच्या अंगात रक्त किती?

गोचीडतापानं खंगलेला कुत्रा जळगाव-धुळ्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडलेल्या असतात. गोचीड चावताना जंतू रक्तात सोडते आणि तांबड्या पेशी नासत जातात. रक्त द्यायचं ठरलं, पण किती? त्यासाठी त्याच्या अंगात एरवी रक्त किती असतं, ते आधी काढावं लागतं.

सुरुवात वजनापासून. ‘असेल पंधरा किलो’ असं म्हणून भागत नाही. काटा वीस दाखवतो आणि पुढचं गणित तिथंच फसतं. कुत्र्याला उचलून आपण काट्यावर उभं राहावं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करावी.

दर किलोला ८० ते ९० मिलिलिटर रक्त धरतात. ९० धरलं, तर २० किलोच्या कुत्र्यात १८०० मिलिलिटर. लठ्ठ कुत्र्याचं उत्तर मात्र फुगतं, कारण चरबीत रक्त कमी खेळतं. त्याचं सडपातळ वजन धरावं.

मग पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शेकडा किती. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो. समजा आपल्या कुत्र्याचा १२ आहे, तो २२ पर्यंत न्यायचा आहे आणि रक्तदात्या कुत्र्याचा ४५ आहे. वाढवायचे १० टक्के. १८०० ला १० नं गुणून ४५ नं भागलं की ४०० मिलिलिटर.

खरी फसगत पीसीव्हीतच होते. गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याचं रक्त भळाभळा वाहिलं, तरी पहिल्या तासात हा आकडा ठीकच दिसतो, कारण पेशी आणि पाणी दोन्ही सारख्याच प्रमाणात गेलेलं असतं. आकडा घसरतो तो नंतर, शरीरातलं पाणी रक्तात उतरल्यावर किंवा सलाईन चढवल्यावर. आपल्याकडच्या मे महिन्यात तर उलटाच घोळ. उन्हानं शोषलेल्या कुत्र्याचं रक्त घट्ट होतं आणि पंडुरोग झाकला जातो. म्हणून डॉक्टर कागदाआधी हिरड्या आणि नाडी बघतात. ‘रिपोर्ट तर चांगला आहे’ म्हणून आपण कुत्र्याला घरी नेण्याची घाई करू नये.

माणसाचं रक्त कुत्र्याला चालत नाही. दाता २५ किलोच्या वरचा, धडधाकट, गोचीडतापाची तपासणी झालेला हवा. त्याच्याकडून एका वेळी किलोमागे १६ ते १८ मिलिलिटरच घेतात. २५ किलोला १८ नं ४५० मिलिलिटर, म्हणजे एक पिशवी. देण्याआधी दोघांचं रक्त जुळतं का, हे तपासून घ्यावं. आजारी कुत्र्याला आधी एकदा रक्त दिलेलं असेल, तर ही तपासणी अजिबात टाळू नये.

आपल्या घरी असा दांडगा, निरोगी कुत्रा असेल, तर त्याचं वजन आणि आपला फोन नंबर जवळच्या पशुवैद्यांकडे आजच नोंदवून ठेवा.