उघडलेल्या जंतुनाशक औषधाची निगा

शेतीच्या कामात विळ्याचा घाव, काट्याची जखम किंवा खरचटणे हे नित्याचेच होय. त्यामुळे जंतुनाशक औषधाची एखादी बाटली बहुतेक घरांत असते. परंतु एकदा फोडलेली बाटली वर्षानुवर्षे कोनाड्यात पडून राहते आणि प्रसंग येताच तीच जखमेवर ओतली जाते. अशा औषधाचा भरवसा धरता येत नाही. म्हणून त्याची निगा कशी राखावी, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

औषध का बिघडते?

बाटलीवर छापलेली मुदत ही न उघडलेल्या बाटलीची असते. बूच काढल्यावर आत हवा शिरते व हाताची घाणही जाऊ शकते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे उजेडाने व उष्णतेने पाणी आणि प्राणवायू यांत विघटन होते. म्हणूनच ते गडद रंगाच्या बाटलीत मिळते. पोव्हिडोन-आयोडीनचा तपकिरी रंग फिका पडला, तर त्यातील आयोडीन कमी झाले असे समजावे. शिवाय, जंतुनाशकात जंतू वाढूच शकत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. काही चिवट जंतू, विशेषतः पाणी मिसळलेल्या औषधात, तग धरून वाढतात. असे पाणी जखमेवर घालणे म्हणजे जंतूंची पेरणी करणेच होय.

साठवण

(१) बाटली उघडताच तिच्यावर तारीख लिहावी. उघडल्यावर किती दिवस वापरावे हे लेबलावर दिले असल्यास ते पाळावे.

(२) औषध मूळ बाटलीतच, बूच घट्ट लावून, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये.

(३) सरबताच्या अगर पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नये. लहान मुले ते पिण्याचा धोका असतो.

(४) कीटकनाशकांच्या शेजारी ठेवू नये. गोठ्यासाठी निराळी बाटली असावी.

(५) रंग वा वास पालटलेले, गाळ धरलेले किंवा मुदत संपलेले औषध टाकून द्यावे. मात्र विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नये.

वापर

प्रथम हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्याने जखम दाबून धरावी. रक्त थांबल्यावर ती वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवून माती काढावी. ही धुलाई औषधाइतकीच महत्त्वाची आहे. नंतर थोडे औषध स्वच्छ कापसावर ओतून लावावे. बाटलीचे तोंड जखमेला किंवा कापसाला टेकू देऊ नये. बाहेर काढलेले औषध परत बाटलीत ओतू नये.

पाणी मिसळावयाचे औषध लेबलावरील प्रमाणातच, उकळून गार केलेल्या पाण्यात, लागेल तेवढेच तयार करावे व उरलेले फेकून द्यावे. जास्त तीव्र औषधाने जंतू अधिक मरतील या समजुतीने प्रमाण वाढवल्यास कातडी पोळते. दोन औषधे एकत्र मिसळू नयेत. डोळ्यांत किंवा कानांत हे औषध घालू नये. तान्ह्या बाळांना, गरोदर स्त्रियांना व थायरॉइडचा विकार असणाऱ्यांना आयोडीनचे औषध लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दवाखान्यात केव्हा जावे?

धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात. केवळ जंतुनाशक लावून धनुर्वात टळतोच असे नाही; त्यासाठी लस घ्यावी लागते. म्हणून खोल जखम, गंजक्या खिळ्याची जखम, जनावराचा चावा, न थांबणारा रक्तस्राव किंवा सूज व पू दिसल्यास विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे. कोणी औषध प्यायल्यास उलटी करवू नये; बाटली बरोबर घेऊन रुग्णाला त्वरित दवाखान्यात न्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गृहभेटीच्या वेळी घरातील बाटली पाहून तिच्यावरील तारीख कुटुंबास वाचून दाखवावी. एवढ्या लहानशा दक्षतेने पुढचा मोठा खर्च व दुःख टळू शकते.